विंझरच्या पेटीवर कॅनडाची चाल

विंझरात सरपंच कोण, याची भजनी मंडळाला फारशी पडलेली नसे. पेटीवर कोण बसतो, याची असे. गेली एकोणतीस वर्षं तिथं हनुमंततात्या बसत होते. भाताची चार खाचरं, दोन म्हशी आणि ही पेटी एवढा त्यांचा पसारा, आणि त्यात पहिला नंबर पेटीचा, असं त्यांची बायको हयात होती तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मंडळाला नवी चाल हवी असली की तात्या चार दिवस कुणाशी बोलत नसत. पाचव्या दिवशी चाल तयार. ती आली कुठून, हे विचारायची पद्धत नव्हती. विहिरीला पाणी आहे ना, मग झरा कुठला ते कशाला उकरा, असा मंडळाचा समजूतदारपणा होता.

तो गेल्या श्रावणात संपला. आंबवड्याच्या नागेश्वराच्या देवळात दर श्रावणात भजन स्पर्धा होते आणि तिथं एकच नियम कडक: सिनेमाची चाल चालणार नाही. विंझरचं भजन संपलं तसे परीक्षक नारायणराव उठले. हे भोरच्या कोर्टातून निवृत्त झालेले नाझर. जन्मभर जप्तीच्या याद्या केल्यामुळे आवाज कधी चढत नसे. त्यांनी माइकवरून शांतपणे सांगितलं, की ही चाल एका सिनेमातल्या नाचाच्या गाण्याची असून नायिका ते पाण्याच्या टाकीवर चढून म्हणते. सबब विंझर बाद. मंडपात हशा पिकला. तात्यांना खरोखरच माहीत नव्हतं. ती चाल त्यांनी वेल्ह्याच्या बाजारात एका टेम्पोच्या मागं येतानाच्या हॉर्नमध्ये ऐकली होती, आणि टेम्पो मागं घेताना माणूस देवाचंच नाव घेणार, असं धरून ते चालले होते.

यंदा ज्येष्ठात मंडळाची बैठक बसली. पखवाजवाले सावळाराम म्हणजे तात्यांचे शाळेपासूनचे सोबती, पण त्यांनीच विषय काढला. त्यांची सासुरवाडी आंबवड्याची. वर्षभर मेहुणे त्यांना पाण्याच्या टाकीवरून चिडवत होते. शेवटी ठरलं, की यंदा पुन्हा बाद झालो तर पेटी कुमारकडे द्यायची. कुमार तिशीतला, हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवणारा. पोरगा वाईट नव्हता, पण पेटीलासुद्धा तो ‘सेट’ म्हणायचा, आणि हे तात्यांच्या जिव्हारी लागायचं. तात्या एवढंच म्हणाले, “बरं.” घरी येऊन त्यांनी पेटीवरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. पेटी गेली तर आपण नेमके कोण उरतो, हे त्यांना त्या संध्याकाळी काही केल्या आठवेना.

मग सुरू झाला चालींचा दुष्काळ. तात्या पेटीवर काहीही काढोत, स्वयंपाकघरातून सून शेफाली दुसऱ्या ओळीला सिनेमाचं नाव सांगे. शेफाली भोरच्या कॉलेजात शिकलेली आणि गाण्यांच्या बाबतीत चालतीबोलती यादी. तात्यांना वाटायला लागलं, की सा रे ग म हेसुद्धा कुठल्यातरी सिनेमात येऊन गेलेलं असणार.

एके सकाळी मात्र शेफाली भाकरी थापता थापता भलतंच काही गुणगुणत होती. एका कानात मोबाईलची वायर, दुसरा कान सासऱ्यांसाठी मोकळा. तात्या चहाची बशी तशीच हातात धरून उभे राहिले. ही चाल त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि गंमत म्हणजे शेफालीनंही कुठल्या सिनेमाचं नाव घेतलं नाही.

“कुठलं गं ह्ये?”

“कॅनडाचं हाय, मामा. ताईनं धाडलंय.”

तिची थोरली बहीण प्रेरणा तीन वर्षांपासून कॅनडात एका गोदामात कामाला होती. तिकडच्या रेडिओवर ऐकलेली गाणी ती बहिणीला पाठवायची. तिकडं म्हणे सरकारचा कायदाच आहे: रेडिओवाल्यानं शंभर गाणी लावली तर त्यातली पस्तीस कॅनडाच्याच माणसांची पाहिजेत. नाहीतर शेजारची अमेरिका एवढी मोठी, की तिच्या कलकलाटात ह्यांचा आवाज कुणाला ऐकू जायचा? तात्यांना हा कायदा एकदम पटला. मोठ्या गावाच्या शेजारी राहणं काय असतं, हे विंझरकराला शिकवायला नको.

भाकरी आटोपल्यावर सून आणि सासरा पेटीपुढं बसले. पहिली निघाली सेलीन डिऑन. आवाज ऐकून तात्यांनी नमस्कार केला, पण शेफालीनं ते गाणं तिथंच कापलं; जहाज बुडायच्या सिनेमातलं हे, वेल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग शनाया ट्वेन. चाल झक्कास, पण तिच्यावर टाळकरी उड्या मारायला लागले असते आणि टाळकऱ्यांचे गुडघे साठीच्या पुढचे. नील यंग म्हणून एक निघाला. त्याचा किनरा आवाज तात्यांना आवडला, तोंडातला बाजाही आवडला, फक्त तो इतका उदास होता की देवानंच उठून विचारलं असतं, काय रे बाबा, कुणी गेलं का. आणि मग लागला ब्रायन ॲडम्स. सावकाश चाललेलं गाणं आणि गळा पार घोगरा, यात्रेत तीन दिवस लिलाव पुकारलेल्या माणसासारखा.

तात्यांनी ते सात वेळा ऐकलं. “ह्यो मानूस शेतकरी असनार,” ते म्हणाले. “डुकरं हाकलल्याबिगर असा गळा बसत न्हाई.”

आठव्या वेळी त्यांनी पेटी ओढली. शब्द तयारच होते. गावातल्या सगुणाबाईंनी नागेश्वरावर रचलेले:

उशीर झाला देवा, रागवू नको रे
चुलीवरी भाकर, दारी वासरू रे

ॲडम्सची चाल त्यावर अशी बसली जशी काही मापं घेऊन शिवली होती. एकच अडचण. शेवटी ती चाल वर वर जायची आणि तिथंच राहायची, खाली यायचं नाव नाही. भजन असं अधांतरी सोडता येत नाही. टाळकऱ्यांना थांबायचं कुठं ते कळत नाही. तात्यांनी दोन दिवस धडपड केली. तिसऱ्या दिवशी खाचराच्या बांधावरून चालताना ते वळण मिळालं, आणि चाल सावकाश उतरून सा वर येऊन टेकली. त्यांनी घाईघाईनं घरी येऊन ते वाजवलं. शेफाली म्हणाली, “ह्ये लई ग्वाड झालं, मामा.”

मंडळाला खरं सांगायचं का, हे तिनं विचारलं होतं. तात्यांनी नकाराची मान हलवली. सावळारामला त्यांनी एवढंच सांगितलं, की चाल बांधावर सुचली. मंडळ खूश झालं. कुमारसुद्धा म्हणाला, की तात्या, ह्ये येगळंच हाय. तात्यांनी कौतुक घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांना भाकरी नीट गोड लागेना.

श्रावणातल्या रविवारी दुपारी मंडळ टेम्पोनं नसरापूर, भोर करत आंबवड्याला पोचलं. शेफाली हट्टानं बरोबर आली होती. मंडपाच्या दारात नवा कागद लावलेला: यंदापासून प्रत्येक पेटीवाल्यानं भजन झाल्यावर पेटीवर हात ठेवून, गाभाऱ्याकडं तोंड करून, चालीबद्दल शपथ घ्यायची. तात्या दारातच थांबले. माणसांना एकवेळ बांधाची कथा सांगता येते, पण नागेश्वराला कुठला बांध दाखवणार?

शेफालीनं कागद नीट वाचला आणि त्यांना बाजूला घेतलं. “मामा, भ्यायचं काय कारन न्हाई. शपथ एवडीच हाय, ‘ही चाल कोणत्याही सिनेमातली नाही.’ आपली कुटं सिनेमातली हाय? आपली कॅनडाची हाय.”

तात्यांनी कागद स्वतः तीनदा वाचला. अक्षरशः तसंच होतं. चाल तुमची आहे का, असं कुठं विचारलंच नव्हतं. त्यांच्या अंगात बळ आलं. वकिलाच्या घरी जन्मायची ही पोरगी, चुकून आमच्याकडं आली, असं ते मनात म्हणाले.

विंझरचा नंबर सहावा होता, हिर्डोशीच्या मंडळामागोमाग. सगुणाबाईंचे शब्द, सावळारामचा पखवाज आणि कॅनडाची चाल असं ते भजन सुरू झालं, आणि दुसऱ्या ओळीपासून मंडपातली कुजबुज बंद झाली. बायकांना ती करपणारी भाकरी दिसत होती. मागच्या बाजूला पोहे खाणाऱ्यांनी बशा खाली ठेवल्या. तात्यांनी डोळे मिटले होते, म्हणून त्यांना दिसलं नाही, की परीक्षकांच्या टेबलावर नारायणरावांनी पहिल्या ओळीला पेन खाली ठेवलं, दुसरीला चष्मा काढला आणि शेवटापर्यंत दोन्हींना हात लावला नाही.

भजन संपलं. तात्यांनी पेटीवर हात ठेवला, गाभाऱ्याकडं वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ही चाल कोणत्याही सिनेमातली न्हाई. नागेश्वर साक्ष हाय.” एवढ्या मोठ्यानं त्या दिवशी कुणीच शपथ घेतली नव्हती. टाळ्या पडल्या. सावळारामनं सासुरवाडीच्या मंडळींकडं मान वळवून पाहिलं, चांगलं सावकाश.

नारायणरावांनी माइक घेतला नाही. ते उठून पेटीजवळ आले आणि मांडी घालून खाली बसले. कोर्टातला माणूस खाली बसला म्हणजे काहीतरी जप्त होणार, हे तात्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

“हनुमंतराव,” ते हळू आवाजात म्हणाले, “चाल ब्रायन ॲडम्सची आहे.”

तात्यांनी धीर सोडला नाही. “व्हय. कॅनडाचा हाय त्यो. सिनेमाचा न्हाई.”

नारायणरावांनी उसासा टाकला. त्यांचा मुलगा वरद बारा वर्षांपासून टोरांटोत होता. गेल्या थंडीत नवराबायको सहा महिने त्याच्याकडं राहून आली होती. दारात कमरेएवढा बर्फ, मुलगा-सून कामावर, आणि स्वयंपाकघरात रेडिओ. नाझरसाहेबांनी तिकडच्या गायकांची यादी करून टाकली होती, आणि त्या पस्तीसच्या कायद्याची नियमावलीही वाचून काढली होती. त्यांनी तात्यांना अगदी मायेनं समजावलं. हे गाणं सिनेमातलंच आहे; श्रीमंतांना लुटून गरिबांना देणाऱ्या एका जुन्या दरोडेखोराचा सिनेमा, त्यासाठीच केलेलं. आणि गाणं निघालं तेव्हा तिकडच्या कायद्यानं ते कॅनडाचंसुद्धा धरलं नव्हतं. गाणारा तिथला, पण गाणं रचताना सोबतीला परदेशी माणसं. कायद्याला लागतात तेवढे गुण भरले नाहीत.

म्हणजे सिनेमातलं नाही असं म्हटलं ते सिनेमातलं निघालं, आणि कॅनडाचं म्हटलं ते कॅनडालाच मान्य नव्हतं. तात्यांनी शेफालीकडं पाहिलं. ती मोबाईलवर शोधत होती. तिनं मान खाली घातली.

एखादा म्हणाला असता, की साहेब, मिटवून घ्या, कुणाला कळतंय. नारायणराव तेवढ्यासाठीच खाली बसले होते की काय, देव जाणे. पण तात्यांना आता नारायणरावांची भीती नव्हती. त्यांनी गाभाऱ्याकडं तोंड करून खोटी शपथ घेतली होती, आणि तीही सगळ्यांत मोठ्या आवाजात. त्यांनी स्वतःच माइक ओढला.

“ही चाल म्या बांदली न्हाई,” ते म्हणाले. “सुनंच्या मोबाईलवरनं उचलली. सिनेमातली हाय, ह्ये म्हाईत न्हवतं, पर मंडळाला बांदावर सुचली म्हनून सांगितलं ते म्हाईत असून सांगितलं. इंझर बाद.”

या वेळी कुणी हसलं नाही, आणि हशापेक्षा ते जास्त लागलं. तात्यांनी पेटीचा भाता बंद केला, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि मागं बसलेल्या कुमारच्या मांडीवर ठेवली. कुमारला काय करावं ते सुचेना. लहान मूल मांडीवर दिल्यावर अविवाहित माणूस धरतो तशी त्यानं ती धरली.

पहिला नंबर हिर्डोशीला गेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला विंझरची मंडळी मुकाट्यानं टेम्पोत चढत होती. सावळाराम तात्यांशी बोलत नव्हते. तात्या टेम्पोला टेकून खाली उभे होते. तेवढ्यात नारायणराव हातात मोबाईल समोर धरून चिखलातून येताना दिसले. पडद्यावर चाळिशीतला एक माणूस होता, हातात टोस्ट. तिकडं रविवारची सकाळ होती.

“हा वरद,” नारायणराव म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते याद्या करणाऱ्या माणसाच्या आवाजात नव्हतं. बारावीच्या वर्षी वरद हेच गाणं रात्रंदिवस गिटारवर वाजवायचा. नारायणरावांनी गिटार माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. पोरगा पुढं शिकला, इंजिनिअर झाला, आणि जग एवढं मोठं असताना नेमका त्याच गायकाच्या देशात जाऊन राहिला. त्यावर बापलेकांत कधी बोलणं झालं नव्हतं. “स्पर्धा संपली,” ते म्हणाले. “आता नियम नाही. एकदा याला ऐकवा.”

पेटी कुमारच्या मांडीवर होती, म्हणून कुमारनं सुरुवात केली. बोटं तयार होती पोराची. चाल वर चढली, छान चढली. मग उतरायची जागा आली आणि तो अडखळला. पुन्हा धरलं, पुन्हा अडला. टाळकरी टाळ वर धरून थांबलेले. तात्या हाताची घडी घालून उभे होते. आता आपल्याला काय त्याचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. चौथ्या वेळी कुमार अडला तेव्हा त्यांची घडी आपोआप सुटली. टेम्पोच्या फाळक्यावरून हात आत घालून त्यांनी पट्ट्यांवर बोटं ठेवली. कुमार भाता मारत राहिला, आणि चाल सावकाश उतरून सा वर आली.

मोबाईलमध्ये वरदनं टोस्ट खाली ठेवला होता.

“बाबा, गाणं ओळखलं,” तो म्हणाला. “पण हे शेवटचं कुठलं? हे त्या गाण्यात नाही. मला ते पाठ आहे.”

सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या एवढे ओशाळले, जणू आणखी एक चोरी पकडली होती. “ते आमच्या आयचं हाय,” ते म्हणाले. “भातलावनीला म्हनायची. त्यो कॅनडावाला वर गेला की खाली यीना. बांदावरनं चाललो हुतो, आय आटवली. म्हनून जोडलं.”

नारायणरावांनी निकाल दिला, की नियमात चाल असा शब्द आहे, वळणाबद्दल काही तरतूद नाही, तेव्हा बाद ते बादच. पण हे त्यांनी जरा ओल्या आवाजात सांगितलं.

“तेवढंच पुन्हा वाजवता, काका?” वरदनं विचारलं.

तात्यांनी वाजवलं. वरद पडद्यावरून नाहीसा झाला. नुसती भिंत आणि अर्धा टोस्ट दिसत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या मांडीवर गिटार होती. बापाच्या देखत त्यानं ती हातात घेतल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मिळालं. विंझरच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून तात्यांची आई जे म्हणायची, ते टोरांटोच्या स्वयंपाकघरात वाजलं. तात्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते उपरण्यानं उघड उघड पुसले.

गिटार थांबली. वरद बापाकडं पाहत होता. नारायणरावांनी मोबाईल आणखी जवळ धरला.

“पुन्हा वाजव,” ते म्हणाले.

टेम्पो भोरच्या पुढं गेला. कापूरहोळच्या वळणावर सावळारामनं खाकरून विचारलं, की मग आता पेटी कुणाकडं? ठराव म्हणजे ठराव. कुमारनं पेटी तात्यांच्या आणि स्वतःच्या मांडीच्या मधोमध सरकवली.

“ठराव पेटीचा झालाय, पट्ट्यांचा न्हाई,” तो म्हणाला. “भाता मी मारतो. पट्ट्या तात्यांकडं.”

नाझरसाहेबांच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय. सावळारामला यावर बोट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी तात्यांकडं तोंड फिरवलं. “आन् बांदावर सुचली म्हनून आमाला फसवलंस ते?”

तात्या बाहेर बघत होते. अंधारात खाचरांतलं भात वाऱ्यानं सळसळत होतं.

“वरची न्हाई सुचली,” ते म्हणाले. “उतरायची सुचली.”